कपाळ कोरं का ठेवलंस?

आमच्या प्रदर्शनात चित्रं आम्ही भिंतीवर लावतो आणि किस्से आपोआप जमिनीवर साचतात. संध्याकाळी हॉल झाडायला घेतला की केरसुणीला दोन-चार तरी लागतातच! शेवटच्या दिवशी चित्रं बबल-रॅपमध्ये गुंडाळून घरी जातात. किस्से कशात गुंडाळायचे? म्हणून हे लिहायला बसले.

आधी आमची ओळख. चिक्कडपल्लीत आमच्या मराठी मंडळाचा पहिल्या मजल्यावर एक हॉल आहे. एरवी तिथे बारशी, भजनं आणि रिटायर्ड लोकांची भांडणं होतात. जानेवारीत एक आठवडा मात्र तो हॉल आमचा. आमचा म्हणजे तिघांचा. मी ऋचा, पुण्याची, पण बाबांच्या आयटीतल्या नोकरीमुळे शाळेपासून हैदराबादी. फरहा जुन्या शहरातली. आणि सिद्धार्थ, ज्याचं घर मूळचं नांदेडकडचं. तो दिवसा बँकेत काम करतो आणि उरलेल्या वेळात माणूस असतो. तिघं एकाच कॉलेजात पेंटिंग शिकलो.

आमचा एकच नियम आहे. चित्राखाली अर्थ लिहायचा नाही. बघणाऱ्याला आधी विचारायचं, "तुम्हाला काय दिसतं?" तो बोलला की मग आम्ही बोलणार.

मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब यांना हा नियम अजिबात पटत नाही. "अर्थ खाली लिहून टाका," ते दर वर्षी सांगतात. "लोकांचा वेळ वाचेल."

वेळ वाचवून हे लोक काय करणार आहेत, हे मी त्यांना विचारत नाही. खुर्च्या त्यांच्या आहेत!

*

पहिल्याच दिवशी फरहाच्या चित्रापुढे एक काका बराच वेळ उभे. चित्र साधं. पांढरी बशी आणि बशीत चहाचा डाग. कप ओला होता, ठेवला, उचलला, अर्धी गोल खूण उरली. बस.

काकांनी आधी चित्राखालची सही वाचली. मग फरहाकडे पाहिलं. मग पुन्हा चित्राकडे. आणि आवाज खाली आणून मला म्हणाले, "ही चंद्रकोर... काही संदेश आहे का?"

मी म्हटलं, तिलाच विचारा ना, समोर तर उभी आहे.

फरहा म्हणाली, "अंकल, चाय का निशान है. चाय पिये, कप रखे, निशान पड़ गया."

"लेकिन चांद है ना?"

"आधाइच गीला था कप, अंकल. कैकू इत्ता सोच रै आप?"

काकांनी मान हलवली. ती पटल्याची नव्हती, 'आम्ही काही एवढे भोळे नाही' अशी होती. जाताना मला म्हणाले, "तुम्ही तरुण मुलं. तुम्हाला पुढचं दिसत नाही."

त्याच संध्याकाळी फरहाची फुप्पू, म्हणजे आत्या, आली, खास भाचीचं चित्र बघायला. डोळे बारीक करून बशी बघितली आणि कपाळावर आठ्या!

"मरहट्टी लोगां के हाल में लगाना था, इस के वास्ते ये बनाई क्या?"

"क्या बनाई, फुप्पू?"

"ये. उनकी औरतां माथे पो लगाते ना, चांद की टिकली. वोइच तो है!"

फरहाने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि ती हसतेय की रडतेय हे मला बराच वेळ कळलं नाही.

*

सिद्धार्थचं चित्र हॉलच्या कोपऱ्यात होतं. पत्र्याचं घर, कुडाची भिंत, भिंतीला एक खुंटी, खुंटीला एक निळा कोट आणि कोटाच्या खिशाला पेन. माणूस नाही. ज्यांच्या घरी त्या कोटातल्या माणसाची तसबीर आहे, त्यांना काही सांगावं लागत नाही.

ज्यांच्या घरी नाही, त्यांचं ऐका. हायटेक सिटीहून आलेला एक दादा, गळ्यात अजून ऑफिसचं ओळखपत्र. चित्र बघून एकदम खूश! "वा! शुक्रवार संध्याकाळ! कोट काढून टांगला, वीकेंड सुरू. वर्क-लाइफ बॅलन्स. बरोबर?"

सिद्धार्थ म्हणाला, "कोट त्यांनी फार कमी वेळा काढला, दादा."

"मग तर प्रॉब्लेमच आहे," दादा काळजीने म्हणाला.

तेवढ्यात एक बाई आल्या, बरोबर शाळेच्या युनिफॉर्ममधली मुलगी. चित्र दिसताच बाईंनी चपला काढल्या. मुलीनेही काढल्या. दोघींनी हात जोडले, काही वेळ तशाच उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या. सिद्धार्थ खिडकीतून बाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

दादा गोंधळला. त्याने घाईघाईने बूट काढले. "चपला काढायच्या होत्या? आधी सांगायचं ना यार!"

एकाने काढल्यावर झालं. पुढचा आला, त्याने बूट पाहिले, आपलेही काढले. त्याच्या मागच्याने काढले. तासाभरात त्या कोपऱ्यात जोड्यांचा ढीग! लोक चित्राकडे कमी आणि आपापल्या चपलांकडे जास्त बघत होते.

शेवटी एक आजीबाई हळूच सिद्धार्थपाशी आल्या आणि पुटपुटल्या, "बाळा, नवसाला पावतो का रे?"

सिद्धार्थने क्षणभरही विचार केला नाही.

"अभ्यास केला तर पावतो, आजी."

*

आता माझं चित्र. इथून पुढे जे होतं ते सगळं त्याच्यामुळे.

एक बाई पाटावर बसली आहे. हिरवी साडी, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या, नाकात नथ, ओटीत बोरं-हरभरे-उसाचे करवे. मान किंचित तिरकी. आणि कपाळ कोरं. चित्राचं नाव 'हळदीकुंकू'.

या चित्रासाठी माझ्यासमोर बसली होती माझी मामी, नलिनीमामी. आमच्या दोन गल्ल्या पलीकडे राहते, आबिड्सच्या एका दुकानात हिशेबनीस आहे, आणि तोंडाने अशी आहे की दुकानाचा मालकसुद्धा तिच्याशी जपून बोलतो. मामा गेला त्याला आता सहा वर्षं झाली. तोपर्यंत मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे मामी आणि सुलभाकाकू. सुलभाकाकू म्हणजे बापूसाहेबांची बायको आणि महिला विभागाची सर्वेसर्वा. वाण काय द्यायचं, तिळगूळ किती लाटायचा, सगळं दोघी मिळून ठरवायच्या.

मामा गेल्यावरच्या पहिल्या संक्रांतीला मामी नेहमीसारखी हॉलवर गेली. तिनेच सतरंज्या घातल्या. सुलभाकाकू करंडा घेऊन ओळीने लावत आली. मामीपाशी आली आणि पुढच्या बाईकडे गेली. थांबलीसुद्धा नाही. रिकाम्या खुर्चीपुढून जावं तशी.

"मी काही लाव म्हणणार नव्हते गं," मामी मला म्हणाली होती. "पण 'नको' म्हणायला तरी चान्स द्यायचा!"

त्यानंतर मामी त्या हॉलची पायरी चढली नाही.

चित्र पूर्ण झालं तेव्हा तिने ते बराच वेळ पाहिलं. "नाक जरा मोठं काढलंयस," म्हणाली. मग म्हणाली, "हे लाव तिथे. हळदीकुंकवाच्या दिवशी ते भिंतीवर असेल तर मी येईन बघायला. नसलं तर नाही."

आणि यंदा मंडळाचं हळदीकुंकू आमच्याच प्रदर्शनाच्या शनिवारी होतं. त्याच हॉलमध्ये!

*

आमच्याकडे चित्र विकलं गेलं की शेजारच्या भिंतीवर लाल टिकली लावतात. मोठ्या गॅलऱ्यांत त्यासाठी लाल ठिपक्यांचे स्टिकर असतात म्हणे. आम्ही खालच्या बांगड्यांच्या दुकानातून टिकल्यांचं पाकीट आणतो. भिंतीलाही छान चिकटतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलवर पोचले तर बापूसाहेब माझ्या चित्रापुढे हात मागे बांधून उभे, चेहरा चक्क हसरा.

"अभिनंदन! गेलं वाटतं चित्र. कोणी घेतलं?"

मी बघितलं. टिकली होती. पण भिंतीवर नव्हती. चित्रातल्या बाईच्या कपाळावर होती! बरोब्बर भुवयांच्या मध्ये. लाल, चकचकीत, खाली एक खडा लोंबतोय.

"हे कोणी केलं?" मी ओरडलेच.

मागच्या खुर्चीवरून एक काकू शांतपणे म्हणाल्या, "मी गं. काल संध्याकाळी. घाईत विसरलीस वाटतं तू. बाकी किती सुंदर नटवली आहेस तिला! म्हणून मी माझीच काढून लावली."

"काकू, ते विसरलेलं नाहीये. तेच तर चित्र आहे!"

काकूंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मलाच धीर द्यायची गरज आहे. "होतं असं. मीही एकदा भाजीत मीठ विसरले होते."

तेवढ्यात शेजारच्या बिल्डिंगमधल्या तेलुगू आँटी आल्या. कपाळावरची टिकली मी अजून नखाने सोडवत होते. आँटी कळवळल्या, "अय्यो! का काढतेस? बोट्टू मर्चिपोयिंदा?" म्हणजे, कुंकू लावायला विसरली का ती?

दोन भाषा, एक प्रश्न! संध्याकाळी हे सगळं मामीला सांगितलं. पोट धरून हसली. मग म्हणाली, "खड्याची होती? मला खड्याची कधी आवडली नाही."

*

चित्राचा फोटो मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला आणि बुधवारी कमिटीची मीटिंग लागली. मला बोलावलं. मी फरहा आणि सिद्धार्थला घेऊन गेले. बापूसाहेबांनी तिघांना बघून एकच खुर्ची पुढे केली.

आधी अर्थावर चर्चा झाली. कमिटीतल्या एका रिटायर्ड इंजिनियरांनी चष्मा पुसत सांगितलं, "ही बाई म्हणजे आपली मराठी भाषा. महाराष्ट्राबाहेर आली. साज आहे, पण सौभाग्य नाही. फार खोल विचार आहे."

दुसरे लगेच म्हणाले, "मुळीच नाही. कोरं कपाळ म्हणजे कोरी पाटी. नवी पिढी. संस्काराची वाट बघतेय." हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ते मला आवडलं नाही.

तिसरे म्हणाले, "बोरं आणि ऊस दाखवलाय म्हणजे शेतीचा प्रश्न असणार."

सुलभाकाकू इतका वेळ गप्प होती. ती एकदम टेबलावर हात आपटून म्हणाली, "अहो, बाई आहे ती! नवरा गेलेली बाई! एवढं सरळ दिसत नाही का कोणाला?"

मला उडी मारावीशी वाटली! इतक्या लोकांत चित्र बरोबर वाचणारी पहिली व्यक्ती!

"आणि म्हणूनच शनिवारी ते तिथे नको," काकूने वाक्य पूर्ण केलं. माझी उडी तिथेच संपली.

बापूसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "चित्र उत्तम आहे. फक्त शनिवारी नको."

"रविवारी चालेल?" मी विचारलं.

"रविवारी चालेल."

"म्हणजे ती फक्त शनिवारी अशुभ असते?"

"ऋचा, तू वाद घालू नकोस."

"वाद तुम्ही घालताय काका, मी फक्त वार विचारतेय!"

फरहाने टेबलाखालून माझा हात दाबला. सिद्धार्थ म्हणाला, "काढून कुठे ठेवायचं? चित्र मोठं आहे, जिन्यातून एकदा वर आणताना आमची कंबर मोडली."

यावर तोडगा निघाला. शनिवारी चित्र भिंतीकडे तोंड करून टांगायचं. सगळ्यांनी हो म्हटलं. अशा ठरावांना हात कसे भराभर वर जातात!

जिन्यात सुलभाकाकूने मला गाठलं. मला वाटलं, आता समजूत घालणार. पण तिने एवढंच विचारलं, "अशी मान तिरकी करून नलूच बसते. ती बसली होती तुझ्यासमोर?"

"हो."

"बरी आहे ना?"

"दोन गल्ल्या सोडून राहते, काकू. जाऊन विचारा!"

काकू पदर सावरून खाली उतरून गेली.

मामीला सांगितलं. ती तीळ भाजत होती. तिने गॅस बारीकसुद्धा केला नाही. "मग राहू दे. पाठ फिरवून बसलेल्या बाईला भेटायला कशाला जायचं?"

*

शनिवारी दुपारी बापूसाहेबांनी स्वतः उभं राहून चित्र उलटं टांगून घेतलं. उलटं म्हणजे तोंड भिंतीकडे, पाठ लोकांकडे. समाधानाने हात झटकले आणि माइक तपासायला गेले.

मोठ्या कॅनव्हासची पाठ कोणी पाहिली आहे का? कापड ताणून राहावं म्हणून मागे लाकडाच्या दोन पट्ट्या असतात. एक उभी, एक आडवी. मध्यभागी एकमेकींना छेदणाऱ्या. आणि आमच्या सुताराने आडवी पट्टी मध्यापेक्षा जरा वरच मारली होती.

पहिल्या आल्या त्या बापूसाहेबांच्या मोठ्या बहीण, अफझलगंजहून, रिक्षाने. दारातच थबकल्या.

"बापू! हळदीकुंकवात क्रॉस कशाला लावलास?"

"क्रॉस? कुठे?"

"तो काय! एवढा मोठा!"

बापूसाहेबांनी वळून पाहिलं. आणि मी त्यांच्या चेहऱ्याचं चित्र काढू शकत नाही, माझ्याकडे तेवढे रंग नाहीत!

मागून येणाऱ्या बायका कुजबुजायला लागल्या. एकीने विचारलं, हॉल रविवारी प्रार्थनेला भाड्याने दिलाय का? दुसरीने सांगितलं, अगं आजकाल तसंच करतात, सर्वधर्म. फरहा भिंतीला टेकून म्हणाली, "मेरी बशी में चांद, इसके पीछे क्रॉस. अब बस सिद्धार्थ के कोट की बारी है."

"झाका ते! झाका आधी!" बापूसाहेब ओरडले.

झाकायला मंडळाच्या कपाटात एकच गोष्ट मुबलक असते: सत्काराच्या शाली. त्यातली एक पांढरी काढून चित्रावर टाकली. हिरव्या-लाल मिळाल्या नाहीत, त्या गेल्या वर्षी सगळ्या पाहुण्यांना वाटून झाल्या होत्या. त्यात सजावटवाल्या मुलींनी झेंडूची माळ आणली होती. मोकळी जागा दिसली म्हणून एकीने ती शालीवरून सोडली. शेजारी समई तर होतीच.

पुढची बाई हॉलमध्ये आली, तिने ते बघितलं आणि हातातला तिळगुळाचा डबा एकदम मागे लपवला. हळू आवाजात मला विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी नाही."

"मला ग्रुपवर काही दिसलं नाही गं. कार्यक्रम रद्द आहे का?"

तिच्यामागच्या दोघींनी काही न विचारता चपला बाहेर काढल्या, आत येऊन माळेपुढे मान खाली घालून उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे आणखी दोघी. कोणासाठी ते कोणाला ठाऊक नाही! पण कोणीतरी 'फार चांगला माणूस होता' असं म्हणालंसुद्धा.

सिद्धार्थ खुर्चीत बसून दोन्ही हातांनी तोंड दाबून हलत होता.

आणि तेव्हा सुलभाकाकू आतून आली, हातात करंडा, अंगावर पैठणी. तिने रांग बघितली, शाल बघितली, नवऱ्याकडे बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "काढा ते सगळं. सरळ करा चित्र."

"पण अगं, आपणच ठरवलं होतं की..."

"प्रेत लटकवून हळदीकुंकू करू का मी? सरळ करा म्हणते ना!"

सिद्धार्थने आणि मी माळ काढली, शाल काढली, चित्र फिरवलं. हिरव्या साडीतली बाई मान तिरकी करून सगळ्यांकडे बघायला लागली.

मी बाहेर गॅलरीत पळाले आणि मामीला फोन लावला. श्वास लागला होता. "मामी! सरळ केलं! तुझं तोंड लोकांकडे आहे!"

"माझं तोंड नेहमीच लोकांकडे असतं," मामी म्हणाली. "ठेव फोन. साडी नेसते."

*

ती आली तेव्हा हॉल भरलेला होता. दारात उभी राहिली आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत गप्पा विझत गेल्या.

तीच हिरवी साडी. त्याच बांगड्या. तीच नथ. कपाळ कोरं.

बायकांनी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. टिकली लावणाऱ्या काकूंचा हात आपोआप स्वतःच्या कपाळावर गेला. "मराठी भाषा" म्हणणारे इंजिनियर दारातून डोकावत होते, ते मागे सरकले.

मामी कोणाकडे न बघता सरळ पुढे गेली आणि पहिल्या रांगेत, चित्राच्या बरोबर खाली, रिकाम्या खुर्चीवर बसली. मान तिरकी.

सुलभाकाकूने लावायला सुरुवात केली होती. पहिल्या रांगेच्या एका टोकापासून. हळद, कुंकू, तिळगूळ, वाणाचा स्टीलचा डबा. हळद, कुंकू, तिळगूळ, डबा. एकेक बाई पुढे सरकत ती जवळ येत होती. मी भिंतीपाशी उभी. मला मध्ये पडायचं होतं, काहीतरी बोलायचं होतं, भाषण तयार होतं माझं! फरहाने माझी ओढणी मागून घट्ट धरली.

"तू चुप बैठ. तेरा काम हो गया."

मामीच्या अलीकडच्या बाईला वाण दिलं. काकू मामीपुढे आली. बोट कुंकवात बुडालेलं. आणि ती थांबली.

मागे माइकजवळ बापूसाहेब पंख्याकडे बघत होते. पंखा जोरात फिरत होता, बाकी हॉलमध्ये काही हलत नव्हतं.

"काय गं सुलभे," मामी म्हणाली, "बोट का अडलं? विचार की काय ते."

काकूने चित्राकडे पाहिलं. मग मामीकडे. मग अगदी हळू म्हणाली,

"नलू... लावू?"

मामीने मान वर केली, चित्रातल्या बाईकडे बघितलं, जणू काही तिचाही सल्ला घ्यावा. मग म्हणाली,

"नको गं. आण तो करंडा इकडे. मी लावते तुला."

काकूने नवऱ्याकडे पाहिलं नाही. कोणाकडेच पाहिलं नाही. करंडा मामीच्या हातात दिला, पैठणी सावरली, आणि खाली वाकून कपाळ पुढे केलं.

मामीने सावकाश हळद लावली, कुंकू लावलं. बोट रुमालाला पुसलं. मग हात पुढे केला.

"आता डबा दे. आणि झाकण लावून बघून दे. तुझ्या डब्यांची झाकणं कधी बसत नाहीत."